भट्टीवरचं मांजर

"दाराला हात लावलास तर याद राख, ताई. तापलीय अजून."

"तापलीय, तापलीय. सकाळपासून तेच. भट्टी आहे का तुझं डोकं?"

कुंभार भट्टीच्या लोखंडी दारासमोर हात पसरून उभा होता, जणू ताई आत उडीच मारणार होती. ताईचा एप्रन तसाच अंगावर होता. कोपरापर्यंत गाजराचे डाग. शाळेच्या हॉलमध्ये सूपची पातेली बायकांवर सोपवून ती धावत आली होती. साडेबाराला दीडशे माणसं जेवायला येणार होती. तिकीट काढायचं, वाडगाभर सूप आणि पाव खायचा, आणि वाडगा घरी न्यायचा. त्या पैशांवर ताईचं मंडळ रोज सकाळी चाळीस पोरांना न्याहारी द्यायचं. ही पोरं घरून उपाशीपोटीच शाळेत यायची.

सूप तयार होतं, पाव तयार होते. वाडगे भट्टीत.

"साडेदहा झालेत. कागदी पेले आणते मी सरळ."

"आण ना. कागदी पेल्यांसाठीच तर तिकिटं काढलीत लोकांनी."

"मग उघड."

"आणि गार वाऱ्यानं तडकले म्हणजे? गेल्या वर्षी तुझ्याच घाईनं..."

पुढचं दोघांनाही तोंडपाठ होतं. गेल्या वर्षी ताईनं घाई केली, यानं रागाच्या भरात गरम भट्टीचं दार उघडलं आणि आत फुटाणे फुटावेत तसं सुरू झालं. निम्मे वाडगे तिथेच गेले. वाचले म्हणून नेले, ते जेवताना गळले. पाहुण्यांच्या मांड्यांवर सूप. पुढच्या जेवणाला कुणी फिरकलं नाही आणि न्याहारी दोन महिने बंद पडली.

"यंदाही तसंच झालं तर सोमवारी पोरांना काय सांगू?" ताई म्हणाली. "पाणी प्या आणि गणितं सोडवा?"

ताईनं कपाळावरचा घाम पुसायला मान वर केली आणि ती थांबली.

भट्टीवर मांजर झोपलं होतं. पोट वर, चार पाय चार दिशांना.

"ही कधीपासून झोपलीय?"

"कोण?"

"तुझी मावशी."

त्यानं वर बघितलंच नाही. "मांजराला काय कळतंय."

"तुझ्यापेक्षा बरंच." ताईनं त्याच्या काखेखालून हात घातला आणि तळवा दारावर ठेवला. त्यानं अडवलं नाही. हात तिथेच राहिला.

"कोमट आहे रे. पोराला पाजायच्या दुधाइतकी."

"पहाटेच निवली," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग इतका वेळ काय करत होतास?"

काय सांगणार? दार बंद होतं तोवर आतले सगळे वाडगे अख्खे होते. गेल्या वर्षी बोट दाखवायला ताई होती. यंदा माती त्याची, हात त्याचे, भट्टीही त्यानंच वेळ देऊन निववलेली. यंदा फुटले तर कुणाकडे बघायचं?

ताईच्या तोंडाशी चांगल्या दोन शिव्या आल्या होत्या. त्या तिनं गिळल्या आणि विटांच्या ढिगावर जाऊन बसली.

"उघड. फुटले तर माझ्या नावावर."

"तुझ्या का?"

"तुला सवय आहे ना."

त्यानं कडी काढली. दार कुरकुरलं. वर मांजरानं फक्त कूस बदलली. तो कान देऊन उभा राहिला. आत चिडीचूप.

पहिला वाडगा त्यानं दोन्ही हातांनी उचलला. छोटासाच, लहान पोराच्या ओंजळीत मावेल एवढा. डाव्या हाताच्या बोटांवर तोलला आणि उजव्या हाताच्या बोटाचं पेर त्याच्या काठावर मारलं.

ठण्ण.

दुसरा. ठण्ण. तिसरा. ताईनं डोळे मिटून घेतले होते. बघायची तिची छाती नव्हती, ती नुसती ऐकत होती. पन्नासाव्यापर्यंत त्याचा हात मोकळा झाला. शंभराव्यापर्यंत तो शीळ घालायला लागला.

मग एक वाजला, बद्द.

ताईचे डोळे उघडले. त्यानं परत वाजवून बघितला. बद्द. तो बाजूला ठेवून त्यानं पुढचा घेतला.

ठण्ण.

ताईनं डोळे पुन्हा मिटले.

शेवटचाही ठण्ण वाजला. चार वाडगे त्यानं जास्तीचे केलेच होते, तेव्हा एकानं काही अडत नव्हतं. रद्दी पेपरात गुंडाळून दोघांनी खोकी भरली, टेम्पोत चढवली. शेवटचं खोकं ठेवताना मोठ्यानं गुरगुर ऐकू आली. ताईनं दचकून भट्टीकडे बघितलं.

"मांजर?"

"नाही. मी."

"कधी जेवलायस?"

त्याला आठवावं लागलं. "भट्टी लावली त्याच्या आधी. काल सकाळी."

"अरे देवा. लोकांच्या पोरांना मी..." तिनं एप्रनच्या खिशातून अर्धा पाव काढला आणि त्याच्या हातात कोंबला. त्यानं तो दोन घासांत संपवला. आता भूक कडकडून लागली होती, शाळा सुटल्यावर लागते तशी.

तो परत आत गेला आणि तो बद्द वाजलेला वाडगा घेऊन आला. टेम्पो चालवायला बसून तो त्यानं शेजारच्या सीटवर ठेवला.

"तो कशाला? गळेल तो."

"पटापट खाईन."

"अरे, पण फुटक्या वाडग्यात कुणी सूप..."

"ताई, सरक. उशीर होतोय."