खंडाच्या दिवसाचा माणूस

“साहेब, आता जे सांगतो त्याच्यावर कोनी इश्वास ठेवणार न्हाई. तुमी तं मुळीच न्हाई,” असं म्हणून हिरासिंग समोरची खुर्ची सोडून खाली फरशीवर ऐसपैस बसला.

रत्नपाल साहेबांनी मान वर केली. वाघदरा तलावाच्या कचेरीत ते नवे होते. रोजंदारीच्या माणसांना कायम करायचे प्रस्ताव आज हिंगोलीला पोचवायचे होते. नियम सरळ होता, नोकरी सलग हवी. आणि ह्या चौकीदाराच्या नोकरीत जागोजाग खंड. दर महिन्याला एक दिवस त्याला घरी बसवायचे, म्हणजे त्याने कायमपणाचा हक्क सांगायला नको. आता निवृत्ती तोंडावर आलेली. आज नाव गेलं नाही, तर म्हातारपणी पेन्शनच्या नावाने शिमगा.

“सांगा,” साहेब म्हणाले.

“मला घरी बसवलं. पण पाणी सुट्टी घेतं काय? तलावाच्या दरवाजापाशी माणूस तं लागतो. मंग जुन्या साहेबांनी त्या दिवसापुरता बदली माणूस घेतला. फुलसिंग. माझा जुळा भाऊ.”

“तुम्हाला जुळा भाऊ आहे?”

“न्हाई ना!” हिरासिंगने मांडीवर थाप मारली. “त्यो मीच!”

कारकून प्रमोदला चहाचा ठसका लागला. दाराच्या चौकटीला टेकून हिरासिंगची बायको जिवनबाई बसली होती, नवऱ्याचा डबा मांडीवर घेऊन. तिने पदर तोंडाशी धरला. हसली की खोकली, कळलं नाही.

“अहो, ह्या मिशा सगळ्या तालुक्याला ठाऊक आहेत,” प्रमोद म्हणाला. “जुने साहेब आंधळे होते का?”

“भादरून टाकायचो. फुलसिंगला मिशीच नव्हती.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“उगवायची की! आमच्या खानदानात मिशीला तकलीफ न्हाई. सकाळी भाकर खाल्ली की दुपारपातुर बराबर जाग्यावर.”

साहेबांना हसू आवरेना. “बोललात तर आवाजावरून ओळखत नव्हते?”

“फुलसिंग बोलतच नव्हता. मानेनं व्हय, मानेनं न्हाई. डोक्याला फडकं गुंडाळलेलं. पण कामाला वाघ! एकदा पुराच्या पाण्यात दरवाजाचं चाक अडकलं. एकट्यानं फिरवलं त्यानं. चौकी तं अशी सारवायचा की जुने साहेब म्हणायचे, हिरासिंग, तुझ्यापरीस तुझा भाऊ बरा.”

“स्वतःचीच तारीफ करून राहिले बुवा,” प्रमोद पुटपुटला.

साहेब मात्र हजेरीची वही चाळू लागले. म्हाताऱ्याच्या मिशांची गोष्ट खोटी असेल, चाकाचीही खोटी असेल. पण दरवाजा एक दिवसही माणसाविना राहिला नव्हता, हे खरं होतं. फुलसिंग म्हणून कोणीतरी राबलं होतं.

“प्रमोद,” ते हळूच म्हणाले, “दोघं एकच असतील, तर ह्यांच्या नोकरीत खंड पडलाच कुठे?”

प्रमोदने पेला खाली ठेवला. “वरून विचारतील, साहेब.”

“विचारू देत. मी उत्तर देईन. हिरासिंग, हे तुम्ही शपथेवर सांगाल?”

हिरासिंग पुढे सरकला. त्याने दोन्ही हात जोडले. “सांगतो ना, साहेब. आत्ताच सांगतो. माझ्या कुलदीपची आन, खंडाच्या दिवशी चौकीवर मीच...”

डबा फरशीवर आदळला. जिवनबाई उठून उभी राहिली होती.

“लेकराची आन घेऊन खोटं बोलू नगो, मेल्या! खंडाच्या दिवशी ह्यो घरी घोरत पडायचा, साहेब. फुलसिंग मी हाय!”