उग्र हाय अजून

मालवाहू बोटीवर नोकरीला असलेल्या भाग्येशने क्युबाच्या सिगारची पेटी दांडी गावातल्या घरी आणून ठेवली. "बाबा, आताच ओढली तर जिभेला चावेल. मुरू दे दोनेक वर्षं, मग गोड लागते. तवर मी येतोच, दोघं मिळून ओढू."

दोन वर्षं कधीच उलटली. भाग्येशचा फोन यायचा थांबला. कंपनीवाले एवढंच सांगत, बोटीशी संपर्क नाही. त्याचा बाप मारुती रोज संध्याकाळी पेटी उघडायचा आणि सुका बोंबील पारखावा तशी एक सिगार नाकाशी धरायचा.

भाग्येशची आई रंभाबाई चुलीपाशी बसून विचारायची, "मुरली का ओ?"

"नाय. उग्र हाय अजून."

आज मारुती बंदरावर गेल्यावर तिने पुसायला म्हणून पेटी खाली काढली. आत एक सिगार अर्धी ओढलेली होती. तिने ती हळूच जिभेला लावून बघितली. कुठेच चावली नाही. तिने पेटी होती तशी फळीवर ठेवून दिली.

संध्याकाळी मारुतीचा हात झाकणावर गेला, तेव्हा तिने 'मुरली का' असं विचारलं नाही. तीच म्हणाली, "हितवर उग्र वास येतोय. राहू दे अजून."