लाल ओळीच्या मागे

“साखर कमी घाल गं,” असं म्हणून अण्णांनी स्वतःच चहात दोन चमचे टाकले आणि हर्षालीच्या स्क्रीनकडे मान वळवली. “काय म्हणालीस, प्रोग्रॅम मागे चालवायचा?”

“हो. बंद पडला की एकेक पाऊल मागे यायचं. चूक सापडते.”

“आमच्या सातपूरच्या कंपनीत मशीन उलटं फिरवलं की मेमो मिळायचा. तुला पगार मिळतो!”

“अहो, तिला काम करू द्या,” हर्षालीची आई मालनबाई आतून ओरडल्या. शनिवार होता. घर नेहमीसारखंच हसलं.

रविवारी सकाळी मालनबाई म्हणाल्या, “अहो, गच्चीवरच्या कुरडया तेवढ्या खाली आणा.” अण्णा पेपर ठेवून उठले. ते खाली आलेच नाहीत. कुरडयांच्या चादरीशेजारी ते पडलेले सापडले.

तेव्हापासून मालनबाई रोज त्या रविवारात जात. कधी भाजी चिरताना, कधी दिवा लावताना. “मी म्हटलं नसतं तर?” हर्षाली म्हणायची, “आई, नको ना आता.” आणि उठून जायची. कारण तीही मनात त्याच वाटेनं मागे जायची आणि त्याच वाक्यापाशी अडायची.

गणपती उरकले. प्रोग्रॅम मागे नेऊन चूक शोधणारं हर्षालीचं साधन तयार होत आलं. त्या दुपारी मालनबाई लसूण सोलायला तिच्याशेजारी येऊन बसल्या. स्क्रीनवर एक ओळ लाल झाली होती.

“हे लाल काय गं?”

“प्रोग्रॅम एका चुकीच्या आकड्यामुळे बंद पडला. तिथून मागे आलो. त्या आकड्याला ज्या ओळीचा शेवटचा हात लागला, ती ही ओळ.” लाल रंग तिच्या टीममधल्या, पुण्याच्या रोहितनं सुचवला होता, खाली ‘चूक इथे’ अशी पाटीही. हर्षालीनं दोन्हीला होकार दिला होता.

“मग ही ओळ बदलली की तो परत चालू होणार?”

“नाही. जे घडून गेलं, ते मागे जाऊन फक्त बघता येतं.”

मालनबाईंनी पाकळी सोलली. सालं फुंकरीनं उडवली.

“मलाही दिसतं रोज. मी कुरडया म्हणते, ते उठतात. तिथं लाल आहे माझं.” मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “तू पण कधी ‘तसं नाही’ म्हणाली नाहीस.”

हर्षालीनं मागे जायचं बटण दाबलं. लाल ओळीच्याही मागे. आकडा आधीच चुकलेला होता. आणखी मागे. तिथेही चुकलेलाच. लाल ओळीनं काहीच बिघडवलं नव्हतं. आला तसा आकडा घेतला होता आणि पुढे दिला होता. खरा बिघाड फार मागे होता, कुणाचं लक्षही गेलं नसतं अशा जागी. शेवटचा हात सापडला की थांबायचं, ही नवशिक्यांची चूक. टीममधल्या नव्या पोरांना हे तीच शिकवायची.

तिनं रोहितला फोन लावला.

“लाल काढ. ‘चूक इथे’ पण काढ.”

“अगं, उद्या डेमो आहे! मग लिहू काय?”

“‘शेवटचा बदल इथे.’ आणि तिथून आणखी मागे जाता आलं पाहिजे.”

“लोकांना उत्तर हवं असतं, मॅडम.”

“हवं असतं ना? मग चुकीचं देऊ नकोस.”

फोन ठेवून ती वळली. मालनबाईंच्या हातातली सुरी थांबली होती. हर्षालीनं लसणाची परडी बाजूला सरकवली आणि त्यांचा हात धरला.

“डॉक्टर म्हणाले होते, अण्णांच्या हृदयाचं दुखणं जुनं होतं. त्यांनाही कळलं नाही, आपल्यालाही नाही. गच्ची नसती तर दुसरं काही निमित्त झालं असतं. मी हे ऐकलं होतं, आई. तरी इतके दिवस मागे जाताना तुझ्या त्या वाक्यापाशीच थांबत होते.” तिनं आईचा हात आणखी घट्ट धरला. “तुझी चूक नव्हती.”