खुर्च्यांवरचे कोट

भरती बंद झाल्यापासून पेन्शन कचेरीत कारकून बाई एकटीच उरली होती. लोकांनी डोकं खाऊ नये म्हणून तिनं बाकीच्या रिकाम्या खुर्च्यांवर जुने कोट अडकवून ठेवले होते.

"तुमचं काम बघणारे चहाला गेलेत. उद्या या," ती खिडकीतल्या म्हातारीवर खेकसली.

"रोज तेच ऐकवता. ते काय, मागे बसून माझ्यावर डोळे वटारतायत."

"कोट आहे तो, आजी. नुसता कोट."

बाई तणतणत उठली आणि दाखवायला म्हणून तिनं कोट ओढला. तो आतून गरम होता. कॉलर घामानं भिजली होती.

ती वळली. म्हातारी तिच्याकडे बघतच नव्हती. बाईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ती विचारत होती, "आत्ता इथं होत्या त्या बाई कुठं गेल्या?"

"चहाला," खुर्चीतून उत्तर आलं. "उद्या या."