तपासणी चालू असताना

साहेब, माझ्या थोरल्या बहिणीला तुम्ही मारलंत. तिला नीट गिळता यायचं नाही, प्रत्येक घास कुस्करून भरवावा लागायचा. संस्थेतल्या नव्या मावशींनी अख्खा घास दिला. मी अंगावर धावून गेले, तर रडत म्हणाल्या, "बाई गं, मला कुणी शिकवलंच नाही. आल्या दिवशी प्रशिक्षणाच्या वहीत सह्या तेवढ्या घेतल्या."

त्याच सह्या बघून तुम्ही तपासणीचा शेरा लिहिलात, 'कर्मचारी पूर्ण प्रशिक्षित.' अक्षर छान आहे हं तुमचं! आणि लिहिलात कधी? ती गेली त्याच दुपारी, जेवणाच्या खोलीशेजारच्या ऑफिसात बसून. बहीण गुदमरली, मावशी ओरडत तुमच्याकडे धावल्या, तेव्हा आतून कुणीतरी खेकसलं, "दार लावा आधी, इथे काम चाललंय."

साहेब, तो आवाज कुणाचा होता? बोला.