तळ्याकाठचं लपण

कोलोरॅडोच्या डोंगरात तळ्याकाठी शिकारीचं लपण उभं करेपर्यंत केतकी आणि तिचे बाबा पार थकून गेले. एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना तिला पाच वर्षांनी मिळाला होता. आज हंगामाचा शेवटचा दिवस होता. "बाबा, जरा रेस्ट घे ना." "दोन मिनिटं टेकतो गं," म्हणत ते सॅकवर कलंडले आणि घोरू लागले. तेवढ्यात झाडीतून भलामोठा नर पाण्याकडे निघाला. केतकीनं धनुष्य उचललं. बाबांना नुसतं कोपरानं ढोसलं असतं, तरी घोरणं थांबलं असतं. पण आई गेल्यापासून आठ महिन्यांत ते असे गाढ झोपले नव्हते. तिनं कोपर आवरलं. घोरणं ऐकून नर थबकला आणि आल्या पावली परतला. धनुष्य खाली ठेवून केतकीनं आपलं जॅकेट बाबांच्या अंगावर घातलं आणि अंधार पडेपर्यंत ती त्यांचं घोरणं ऐकत राहिली.