शिट्टीचं पहिलं पान
दरीपलीकडच्या माणसाशी शिट्टीतून बोलणाऱ्या त्या तुर्की गावात आता फोन वाजायचे. शाळेच्या खिडकीशी सेवीमबाई शिट्टीभाषेचं डिजिटल पुस्तक तयार करत होत्या. शेजारी रासिमआजोबा चहा पीत कुरकुरत होते. त्यांची शिट्टी गावात सगळ्यांत खणखणीत, पण हिवाळ्यात पुढचे दात पडले आणि ती मुकी झाली. “पाखरू पिंजऱ्यात घालून काय उपयोग, बाई? आमची नातसुद्धा म्हणते, फोन आहे की.” बाईंनी त्यांच्या जुन्या शिट्टीची क्लिप पहिल्या पानावर जोडली, शाळेच्या स्पीकरचा आवाज वाढवला आणि चालतेय का बघायला बटण दाबलं. ‘चहा झालाय, ये,’ शिट्टी दरीभर घुमली. थोड्या वेळानं समोरच्या हेझलनटच्या बागेतून कोवळी शिट्टी उमटली: ‘आले, आजोबा. दात कधी बसवले?’ आजोबांचा पेला हातातच राहिला. नातीला त्यांनी कधी शिकवलंच नव्हतं. “बाई, दुसरं पान तिच्यासाठी ठेवा.”